एक वीत खाली

पाण्याला उताराकडं जायची मुभा साऱ्या जगात असेल, आमच्या मामाजींच्या घरात नव्हती. तिथं पाणी मामाजी सांगतील तिकडंच जायचं, आणि सांगतील तेव्हाच. मामाजी म्हणजे माझे सासरे. आमच्या सौंसर-पांढुर्ण्याकडं सासऱ्याला मामाजीच म्हणतात, त्यामुळं बाहेरच्या माणसाला वाटतं की यानं मामाची पोरगी केली. मी नहरेच्या मेटाची पोरगी केली. मेट म्हणजे नहरेवरच्या, म्हणजे कालव्यावरच्या, मजुरांचा मुकादम. मामाजी मेट म्हणून सरकारी नोकरीत लागले आणि मेट म्हणूनच रिटायर झाले, पण त्यांच्या घरात पाऊल ठेवणाऱ्याला ते रिटायर झाल्याचा पत्ता कधी लागला नाही.

लग्नाच्या दुसऱ्या दिवशी घरच्या पंगतीत ते स्वतः वरणाची बादली घेऊन माझ्यापुढं आले. वाढण्याआधी वाकून त्यांनी माझ्या पानातल्या भाताला पळीनं खळगा केला. खळग्यातून तीन वाटा काढल्या, एक वांग्याच्या भाजीकडं, एक कढीच्या द्रोणाकडं आणि एक वड्याकडं, आणि मान वर करून विचारलं, "सोडू का, जवाईबुवा?" लोक 'वाढू का' म्हणतात. मामाजी 'सोडू का' म्हणत. मी मान हलवली. वरण सुटलं, तिन्ही वाटांनी धावलं, आणि मामाजींचा चेहरा असा खुलला की पोरगी चांगल्या घरी पडल्याची खात्री त्यांना त्याच क्षणी पटली असावी. "तिसरीकडं जरा जास्त चाल्लं," एवढं मात्र ते पुटपुटले आणि बोटभर भात त्यांनी तिसऱ्या वाटेच्या तोंडाशी सरकवला. नव्या नवरदेवाला त्यातलं काय कळणार? मी तो भात खाऊन टाकला.

घरातही तोच कारभार होता. न्हाणीतून अंगणात येणाऱ्या पाण्याला त्यांनी तीन नाल्या काढल्या होत्या, एक पपईला, एक गोडनिंबाला आणि एक झेंडूला. प्रत्येकीच्या तोंडाशी चिखलाचा गोळा. सोमवार-मंगळवार पपईची पाळी, बुधवार-गुरुवार गोडनिंबाची, असं कोळशानं भिंतीवर लिहिलेलं. भांडी किती वाजता घासायची हेही ठरलेलं. सासूबाई म्हणायच्या, "या माणसानं मले आंघोळीचाबी टाइमटेबल लावून देल्ला बाई." एकदा लोधीखेड्याहून त्यांचे साडभाऊ आले आणि झेंडूच्या दिवशी चार बादल्या पाण्यानं आंघोळ करून बसले. झेंडू वाहून गेला. मामाजींनी पाहुण्याला चहा देताना विचारलं, "तुमच्या घरी तलाव आहे का जी?" पाहुणे त्याच दुपारच्या बसनं परत गेले.

हातात नेहमी एक बांबूची काठी. तिच्यावर वीत-वीतभर अंतरानं खाचा पाडलेल्या. फूट आणि मीटर सरकारचे, वीत आपली, असं त्यांचं म्हणणं होतं. वीत कोणाची, असं विचारलं की ते आपला पंजा पसरून दाखवत आणि विषय संपवत. त्या काठीनं ते नाल्या मोजत, धुऱ्यावर, म्हणजे शेताच्या बांधावर, मारलेला साप मोजत, सौंसरच्या बाजारात धोतर मोजून घेत आणि दुकानदाराच्या गजाला खोटं पाडत. शेजाऱ्यानं टीव्ही आणला. अख्खी आळी समोर बसलेली. मामाजी उठले, काठी लावली आणि म्हणाले, "दोन वीत अन् चार बोटं. एवढ्याशात साऱ्या देशाच्या बातम्या मावतात काय?" आणि घरी निघून गेले.

पण पंगतीत मामाजींना मी मानलं. नहरेच्या भाषेत पाणी जिथून सुटतं ते हेड, आणि जिथं संपतं ते टेल. हेडवाल्याला पाणी बदाबदा मिळतं आणि टेलवाला आभाळाकडं पाहत बसतो, हे त्यांनी जन्मभर पाहिलेलं. म्हणून कोणाच्याही लग्नात मामाजी पंगतीच्या शेवटल्या पाटावर, चपलांच्या ढिगाजवळ जाऊन बसत. व्याही हाताला धरून वर ओढत, तरी हलत नसत. बुंदी शेवटपर्यंत पोचली नाही की तिथून आवाज येई, "अजी, टेललेबी सोडा." त्या टोकाला बसणाऱ्या गरीबगुरिबांना ठाऊक झालं होतं की मेटबुवा आपल्यात बसले म्हणजे आज बुंदी येणार.

आता तिनतोंड्याबद्दल सांगायला हवं, नाहीतर मामाजी समजायचे नाहीत. सौंसरपासून दोनेक कोसांवर त्यांचं गाव. तलावातून निघालेली मोठी नहर या गावाबाहेर येते आणि एका जागी तिला तीन तोंडं फुटतात. त्या जागेचं नाव तिनतोंड्या. दगडी बांधकाम, बाजूला एक बाभूळ आणि बाभळीखाली एक सपाट दगड. परक्याला तिथं पाहण्यासारखं काही दिसायचं नाही. मामाजींना मात्र तिथं साऱ्या मुलखाचा इतिहास दिसे, आणि तो त्यांनी दोन जाड रजिस्टरांत लिहून काढला होता. पहिल्या रजिस्टरात नंबर एकची नहर. ही सर्वात जुनी, मालगुजाराच्या वेळची. त्यानं ती आपल्या आमराईसाठी खोदवली, आमराई पुढं वाटण्यांमध्ये तुटली, आणि पाट मात्र साऱ्यांचा झाला. दुसऱ्या रजिस्टरात नंबर दोन. ही सरकारनं खोदली. ती सरळ जायची ती एका जागी उगीचच कोपरासारखी वाकते, कारण तिथं एका म्हातारीचं जांभळाचं झाड होतं. मजूर आले तशी म्हातारीनं खणलेल्या चरात आपली खाट टाकली आणि तीवर बसून राहिली, सहा दिवस. जेवण तिथंच, पान-सुपारी तिथंच. शेवटी साहेबानं नकाशा बदलला. त्या जागेला अजून 'म्हातारीचा मोड' म्हणतात.

हा इतिहास मामाजी भेटेल त्याला सांगत. पांढुर्ण्याला आमच्याकडं येऊन परत निघाले की बसमध्ये बाजूच्या माणसाला सुरुवात करत. मालगुजारापासून सुरू झालेली गोष्ट अर्ध्या वाटेवर म्हातारीच्या खाटेपाशी येई. कंडक्टरला हे इतकं पाठ झालं होतं की तो तिकिटं फाडता फाडता विचारायचा, "मेटसाहेब, म्हातारी उठली का?" मामाजी म्हणत, "अजून तिसरा दिवस चालू आहे." आणि म्हातारी उठेपर्यंत सौंसर येई. तिसऱ्या नहरेपर्यंत कोणाचाही प्रवास कधी पोचला नाही.

ही गंमत माझ्या फार उशिरा ध्यानात आली. तिसरं रजिस्टर होतं. त्याच्यावर सुंदर अक्षरात 'तिसऱ्या नहरेचा इतिहास' असं लिहिलेलंही होतं. आत सगळी पानं कोरी. मी पडलो मराठीचा मास्तर, कोरी वही पाहिली की माझा हात शिवशिवतो. विचारलं, "मामाजी, ही काहून कोरी?" म्हणाले, "माहिती गोळा करून राहिलो." ज्या दोन नहरा त्यांच्या जन्माआधी किंवा लहानपणी खोदल्या, त्यांचा इतिहास खाटेच्या सुतळीसकट लिहून तयार, आणि जी तिसरी त्यांनी स्वतः मेट म्हणून उभं राहून खोदवली, तिची माहिती अजून गोळा होऊन राहिली. कुठंतरी पाणी मुरत होतं.

शिवाय त्यांचं ते तिनतोंड्यावर जाऊन बसणं. हिवाळ्यात नहरेला पाणी सुटलं की रिटायर झालेला हा माणूस सकाळी भाकर बांधून निघे आणि बाभळीखालच्या सपाट दगडावर संध्याकाळपर्यंत बसे. मधूनच उठे, तिसऱ्या तोंडात मातीनं भरलेलं पोतं आडवं टाके, काठीनं तिन्हीकडचं पाणी मोजे, पोतं थोडं सरकवे, परत बसे. लोक म्हणत, मेटाचं डोकं नहरेत वाहून गेलं. सासूबाई म्हणत, "सवत असती तं बरं झालं असतं. तिच्या झिंज्या तरी उपटल्या असत्या. नहरेचं काय उपटू?"

तिसऱ्या नहरेशी माझाही संबंध होता. आमचं घराणं त्याच नहरेवरच्या गावचं. मी पांढुर्ण्याला शाळेत लागलो आणि माझा मोठा भाऊ, आमचा दादा, गावी संत्र्याचा बगीचा पाहत राहिला. दादाच्या बगीच्याचं नाव होतं. हिवाळ्यात झाडांचं पाणी तोडून त्यांना ताण द्यायचा आणि बरोबर वेळ साधून पाणी सोडायचं, मग झाड फुलांनी पांढरं होतं. पाणी हाताशी असेल तरच हा खेळ खेळता येतो, आणि दादाच्या हाताशी ते कायम होतं. तिसरी नहर कधी आटत नसे. एक आणि दोन नंबरच्या टेलवर हरभरा करपायचा, तेव्हा आमच्याकडं धुऱ्यावरून पाणी वाहायचं. दादा म्हणे, आपलं पुण्य. मीही तसंच समजत होतो.

मग एके वर्षी ऑफिसात नवीन साहेब आला. पोरसवदा, हिंदी मुलखातला, कारण आमच्याकडं बोली मराठी असली तरी सरकार हिंदी, आणि कामाचा मोठा उत्साही. त्यानं तिनतोंड्यावर पातळी मोजायची दुर्बीण लावली आणि सांगितलं की तिसऱ्या नहरेचं तोंड बाकी दोघींपेक्षा एक वीत खोल आहे. म्हणजे तो आपल्या मापात बोलला, वीत मामाजींनी केली. हे कोणाच्या हुकमानं, म्हणून ऑफिसात कागद शोधले, तर कागद उदईनं, म्हणजे वाळवीनं, खाल्लेले. तेव्हा साहेब मोटरसायकल घेऊन मामाजींच्या दारात आला आणि म्हणाला, "बाबूजी, उस समय के एक आप ही बचे हैं. बस इतना लिख दीजिए कि साहब के हुकुम से नीचा रखा था. फिर हम भी नहीं छेड़ेंगे." मामाजी म्हणाले, "आठ दिवसानं देतो."

ही बातमी दादाकडं पोचायला आठ तास लागले नाहीत. दुसऱ्या दिवशी दादा पांढुर्ण्याला माझ्या घरी. सोबत संत्र्यांची एक थैली. "तू जा," म्हणाला, "तुझा सासरा आहे. एक ओळ लिहायची आहे. हुकूम होता म्हणून लिहून दे म्हणा. ते साहेब मरून किती वर्षं झाली, कोण विचारून राहिलं? नाही लिहिलं तर तोंड बुजवतील, अन् बगीचा वाळंल." मग माझ्या बायकोकडं पाहून म्हणाला, "सूनबाई, तूच सांग, तुझ्याच घरचं आहे ना?" तिनं चहा ठेवला.

मी थैली घेऊन गेलो. रस्ताभर वाक्य जुळवत होतो. मराठीच्या मास्तरानं सासऱ्याकडं एक खोटं वाक्य मागायला जायचं, आणि तेही व्याकरणशुद्ध. मामाजींनी थैलीकडं पाहिलं, माझ्याकडं पाहिलं आणि म्हणाले, "चला, तिनतोंड्यावर जाऊ."

सपाट दगडावर बसून त्यांनी खिशातून तंबाखूची जुनी डबी काढली. तिच्यात तंबाखू नव्हती, घडी घालून पिवळी पडलेली एक चिठ्ठी होती. त्या वेळच्या साहेबाच्या हातची, हिंदीतली, एकच ओळ. 'तीसरी नहर का मुँह अभी खाली रखना.'

"वाचा, मास्तर," मामाजी म्हणाले. एरवी ते मला जवाईबुवा म्हणत. मी वाचलं. एकदा वाचलं, दोनदा वाचलं, आणि मग ध्यानात आलं, हिंदीत खाली म्हणजे रिकामं. साहेबानं लिहिलं होतं की तोंड रिकामं ठेवा, अजून तिथं काही करू नका.

"नोकरी नवीन होती," मामाजी सांगू लागले. "साहेब हिंदीवाला, मी गावठी मराठी. त्याले पुसाची हिंमत नव्हती. मले वाटलं, नहरेच्या कामात खाली म्हणजे खालीच असन. किती खाली, हे साहेबानं लिहिलं नव्हतं. मी आपल्या मनानं एक वीत धरली. खोदलं, फरशी बसवली, मोकळा झालो. साहेब दौऱ्यावर होता, त्याची तिकडूनच बदली झाली, तो काही परत आला नाही."

"मग तुम्हाला कळलं केव्हा?"

"दोन सालानं. ऑफिसात गेलो तं चपराशी म्हणे, कुर्सी खाली है, बैठ जाओ. मी खाली बसलो, जमिनीवर. सारे हसले. मीबी हसलो. घरी येता येता नहरेपाशी पाय थांबले, अन् मंग काही हसू आलं नाही."

मी म्हणालो, "मामाजी, यात तुमची काय चूक? चूक भाषेची आहे."

"भाषा पावडा घेऊन खोदाले गेली होती काय जी?" मामाजी म्हणाले. "इतकी सालं एक-दोनच्या टेलवाल्यांचं पाणी मी तिकडं पाठवून राहिलो. म्हणून पोतं घेऊन बसतो. पण पोत्यानं काय होते? रातभर वाहतेच ना." ते काठीच्या खाचेवरून अंगठा फिरवत राहिले. "अन् एक लबाडी जाणूनबुजून केली. पोरीसाठी स्थळं पाहिली तं तीनही नहरेवरची आली. म्हटलं, तिसरीवरच देऊ. पाणी जास्त जाते तिकडं. पोरगी तरी तहानली नाही राहणार."

तिसरी वाट, बोटभर भात, आणि तो भात खाऊन टाकणारा मी, सगळं एकदम आठवलं. या माणसाची मला तेव्हा इतकी माया वाटली की संत्र्यांची थैली पायानं हळूच दगडामागं सारली. मामाजींनी ती पाहिली होतीच. म्हणाले, "राहू द्या. सोलून खाऊ. पाण्याची काय चूक?" आम्ही दोघांनी तिथं बसून दादाची संत्री खाल्ली. गोड होती.

आठव्या दिवशी मामाजींनी साहेबाला तिसरं रजिस्टर दिलं. त्यात लिहिलं होतं: 'तिसरी नहर एक वीत खोल आहे. हुकूम खाली ठेवण्याचा होता. मी खाली केली. चूक माझी.' खाली सही. दोन नहरांना दोन जाड रजिस्टरं आणि तिसरीला साडेतीन ओळी. साहेबाला मराठी येत नव्हती. चपराशानं समजावून सांगितलं तेव्हा तो इतका हसला की खुर्चीवरून उठून उभा राहिला, आणि मग मामाजींच्या चेहऱ्याकडं पाहून वाकून पाया पडला म्हणतात. मी तिथं नव्हतो.

तिसऱ्या तोंडात सिमेंटचा उंबरठा बसला. साहेबाची दुर्बीण होती, तरी मामाजींनी काठी लावून खात्री केली. एक वीत. त्या हिवाळ्यात पाणी सुटलं आणि नंबर एकच्या टेलवर, जिथं कित्येक वर्षांत कोणी पाणी पाहिलं नव्हतं, तिथं पोचलं. तिथला एक म्हातारा शेतकरी टोपलीभर वांगी घेऊन मामाजींच्या दारात आला. मामाजींनी ती घेतली नाहीत. सासूबाईंनी घेतली.

दादाच्या तोंडचं पाणी पळालं ते अगदी शब्दशः. बगीचा वाळला नाही, पण कडेची झाडं काढावी लागली आणि विहीर खोल करावी लागली. त्या दिवसापासून दादा मामाजींना पाण्यात पाहू लागला. सणावाराला तो माझ्या बायकोशी बोलायचा, तिच्या बापाचं नाव निघालं की उठून जायचा. बायको मला एकदाच म्हणाली, "बाबूजीनं बरोबर केलं. पण माझ्याकडं पाहून केलं असतं तं?" आणि मग स्वतःच म्हणाली, "नाही. मग ते बाबूजी नसते."

उंबरठा बसला आणि मामाजींचं काम संपलं. पोत्याची गरज राहिली नाही. तरी पाणी सुटलं की ते भाकर बांधून निघतच. मी विचारलं, "आता कायले जाता?" म्हणाले, "पाहून राहिलो." काठी मात्र घरीच ठेवून जायचे. अंगणातल्या नाल्यांची पाळीही ढिली झाली. सासूबाईंनी मंगळवारी चक्क गोडनिंबाला पाणी सोडलं तरी ते काही बोलले नाहीत, आणि त्या दिवशी सासूबाई रडल्या. माणूस सुधारला की घरचे घाबरतात.

दोनेक वर्षांनी, उन्हाळ्यात, नहर कोरडी असताना मामाजी गेले. तेरवीच्या पंगतीत दादा आला होता. मी त्याला वर बसायला बोलावलं. तो पंगतीच्या शेवटी, चपलांच्या ढिगाजवळ जाऊन बसला आणि जेवण होईपर्यंत त्यानं मान वर केली नाही. बुंदी संपत आली तेव्हा त्या टोकाकडून त्याचाच आवाज आला, "अरे, टेललेबी सोडा."

हिवाळ्यात नहरेला पाणी सुटलं. बायको म्हणाली, जाऊन येऊ. आम्ही सकाळच्या बसनं सौंसरला उतरलो, तिनतोंड्यापर्यंत चालत गेलो. बाभळीखाली तो सपाट दगड तसाच होता, बसून बसून गुळगुळीत झालेला. ती दुरूनच थांबली, पदर तोंडाला लावला आणि म्हणाली, "बाबूजीची जागा खाली आहे हो."

जन्मभर मराठी शिकवलेला मी, मी खाली पाहिलं. पाणी तिन्हीकडं सारखं चाललं होतं.